अठ्ठेचाळीस तासांतला हात

कुठल्या गाडीला कोण टेकून उभं राहतं, हे मला त्या गाडीच्या मालकाआधी कळतं. एका डॉक्टरांच्या गाडीच्या मागच्या दारावर रोज एक कोपर टेकतं आणि ते डॉक्टरांचं नाही. एका वकीलसाहेबांच्या गाडीच्या टपावर मांजर झोपतं, आणि साहेब मात्र सगळ्यांना सांगत फिरतात की आपल्याला मांजरं अजिबात चालत नाहीत. एक मास्तर सिग्नलला थांबले की खिडकीतून हात बाहेर काढून दारावर तबला वाजवतात. त्यांचा डावा हात कच्चा आहे. यातलं मी कुणाला काही सांगत नाही. या धंद्यात हात हलका लागतो आणि तोंड बंद लागतं, आणि माझं दोन्ही उत्तम आहे, असं मी गेल्या वर्षापर्यंत छातीठोकपणे म्हणत असे.

मी वैजयंता चौगुले. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझं दुकान आहे. गाडीच्या रंगावर पारदर्शक फिल्म लावायची, हे माझं काम. गिऱ्हाइकं तिला 'कागद' म्हणतात, म्हणून मीही म्हणते. सुरुवातीला लोक हसायचे, की ही बाई मुलांच्या वह्यांसारखी गाड्यांना कव्हरं घालते. घालते की. पण वहीच्या कव्हराला सुरकुती पडली तर कुणाचं बिघडत नाही, बॉनेटवर पडली तर गिऱ्हाईक आयुष्यभर तिथेच बोट दाखवतं.

बॉनेट आधी असं धुवायचं की धुळीचा एक कण राहता कामा नये. मग साबणाचं पाणी फवारायचं, त्यावर कागद तरंगत सोडायचा, दोन कोपरे धरून वळणावर किंचित ताणायचा आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी रेटत न्यायचं. घाई केली की बुडबुडा राहतो. हावरटपणे ताणला की आठ दिवसांत कड उचलते. कागद बसला की बोटांना कळतं, डोळ्यांना नंतर. वीस वर्षं मी हेच केलं आणि कोल्हापुरात हे माझ्याइतकं चांगलं कुणाला येत नाही. यात बढाई नाही, सगळे तेच सांगतील.

जुना कागद फक्त उडत्या खड्यांपासून रंग वाचवायचा. अकरा वर्षांपूर्वी तनुत्र कंपनीचा कागद आला आणि सगळं बदललं. हे प्रकरण थोडं समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, शिजवलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. ओरखडा पडतो तेव्हा त्या बाजूला सरकतात. तनुत्रच्या वरच्या थराला ऊन लागलं की त्या आपसूक जागेवर येतात आणि ओरखडा भरून निघतो. पण त्याखाली केसाहून पातळ असा दुसरा थर आहे. तो विसरत नाही. जिथे दाब पडला तिथे त्यातल्या साखळ्या दाबाच्या दिशेने विंचरल्यासारख्या होतात आणि तशाच राहतात. नुसत्या डोळ्याला काही दिसत नाही. ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश, त्यावर टाकून तशाच काचेतून पाहिलं की तो दाब इंद्रधनुषी पट्ट्यांत उजळून उठतो. आणखी एक गंमत. दाबलेल्या साखळ्यांत ताण असतो, त्यांना सुटायचं असतं. रोज गाडी उन्हात तापते, रात्री निवते, आणि त्या ताणाची एक कड सुटून ठशाभोवती बारीक वळं उमटतं. एका दिवसाला एक वळं. चाळीस वळी असतील तर स्पर्श चाळीस दिवसांपूर्वीचा. एकही नसेल तर आजचा.

मग काय, विमावाल्यांनी पूर्ण विम्यासाठी तनुत्र सक्तीचं केलं. कोण कुणाला घासलं, कधी घासलं, सगळं गाडीच सांगायला लागली. अपघाताच्या खटल्यांत तनुत्रचं वाचन पुरावा म्हणून घेऊ लागले. पुण्यात कंपनीचा वाचन विभाग आहे, आणि त्या विभागात माझी मुलगी शलाका आहे. पॉलिमरशास्त्रात पहिली आलेली. दुकानात दर्शनी भिंतीवर माझं तनुत्रचं प्रमाणपत्र आणि तिचा पदवीदानाचा फोटो शेजारी शेजारी होते. आईनं कागद लावायचा आणि लेकीनं वाचायचा, असं मी येईल त्याला सांगायची. नाही विचारलं तरी सांगायची.

आता नियम. कागद लावल्यावर खालचा थर घट्ट व्हायला अठ्ठेचाळीस तास लागतात. तोवर तो कच्चा असतो. त्या काळात गाडी बंद खोलीत ठेवायची आणि कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. तसं लिहून सही द्यायची, की अठ्ठेचाळीस तासांत स्पर्श झालेला नाही.

पण कोल्हापुरात माणूस नवी गाडी घेणार, ती दोन दिवस माझ्या खोलीत बंद राहणार आणि तिची पूजा तिसऱ्या दिवशी होणार, हे कोण ऐकून घेणार? मुहूर्त काढलेला असतो. घरची मंडळी ताट घेऊन दारात उभी असतात. चाकाखाली लिंबं, पुढे नारळ आणि बॉनेटवर घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा कुंकवाचा हात. मी एवढंच बघायची की हात नाजूकपणे लागावा आणि लगेच ओल्या कापडाने कुंकू टिपून घ्यावं. मग सही करायची. अकरा वर्षांत हजार-बाराशे गाड्या तरी झाल्या असतील. देवाच्या हाताला कुणी स्पर्श म्हणतं का, असं मी मनाला सांगत होते, आणि मन लगेच ऐकत होतं.

वैशाखात एका सकाळी सयाजी पोवार दुकानात आले. केर्लीकडे त्यांचं गुऱ्हाळ आहे. गडी बोलका, हसरा. त्या दिवशी मात्र खुर्चीवर बसले आणि बराच वेळ पायातल्या चपलांकडे बघत राहिले.

"ताई, मी कुणाला धडकवलं न्हाई," ते म्हणाले. "पण तुमचा कागद म्हणतोय, धडकवलं."

मी ऐकलं होतं. आठ दिवसांपूर्वी पन्हाळा रस्त्यावर ज्ञानू माळी नावाच्या सायकलवरच्या म्हाताऱ्याला कुणीतरी उडवून पळून गेलं होतं. खुब्याचं हाड मोडलं. त्यांना एवढंच आठवत होतं की गाडी रुपेरी होती आणि पडताना आपण हात पुढे केला, तो बॉनेटवर आपटून घसरला. नाक्यावरच्या कॅमेऱ्यात त्या सुमाराला तीन रुपेरी गाड्या होत्या. तिन्ही त्याच संध्याकाळी जप्त करून बंद शेडमध्ये ठेवल्या आणि तिन्हींचं वाचन झालं. दोन साफ निघाल्या. सयाजीरावांच्या बॉनेटवर हाताचा ठसा निघाला.

"गावात कुणी काही बोलत न्हाई बघा," ते म्हणाले. "पण काल गुऱ्हाळावर चार गडी कमी आले. ज्ञानूकाका माळ्याच्या आळीतले. मी त्यांना बघायला दवाखान्यात गेलो, तर पोरानं दारातनंच परत लावलं. मी धडकवलं असतं तर उचलून न्यायला मला काय हात नव्हते?"

त्यांनी वाचनाचा अहवाल माझ्यापुढे ठेवला. ठशाचा फोटो होता. उजवा पंजा, प्रौढ माणसाचा, वरून पडून खाली डावीकडे घसरलेला. वळी शून्य. म्हणजे गाडी शेडमध्ये गेली त्याच दिवसाचा. खाली सही शलाका चौगुले.

मी फोटो पाहिला आणि उजेडाकडे धरून पुन्हा पाहिला. त्या पंजाची अनामिका पेरभर आखूड होती. यंत्राने शेरा मारला होता, अनामिकेचा अंशतः स्पर्श. यंत्राला काय माहीत, ते बोट होतंच तेवढं.

"बघतो मी," एवढंच मी सयाजीरावांना म्हणाले. खरं तर मला त्याच क्षणी सगळं दिसलं होतं, पण तोंडातून निघालं नाही.

मागचा दसरा. दुकानासमोर अठरा गाड्या, वाजंत्री, झेंडूच्या माळा. सयाजीरावांची गाडी आदल्या संध्याकाळी लावून झालेली. त्यांच्या आई, हौसाक्का, दोघांच्या आधाराने आल्या. तरुणपणी उसाच्या चरकात त्यांचं अनामिकेचं पेर गेलं होतं. त्याच हाताने त्यांनी चाळीस वर्षं गूळ ढवळला. कुंकवात बुडवलेला हात त्यांनी बॉनेटवर टेकला आणि त्यांचा तोल गेला. पंजा जोरात आपटला आणि खाली घसरला. सयाजीरावांनी त्यांना सावरलं. मी कुंकू टिपलं आणि म्हणाले, "आक्का, जोरात आशीर्वाद दिलासा." सगळे हसले. माघात आक्का गेल्या.

कच्च्या थरात पडलेला ठसा थराबरोबरच घट्ट होतो. साखळ्यांना वाटतं, आपली जागा हीच. त्यांच्यात ताण नसतो, म्हणून दिवस कितीही गेले तरी वळं उमटत नाही. दसऱ्याचा हात आणि आजचा हात यंत्राला सारखाच दिसतो. ही शक्यता यंत्राला माहीत नव्हती असं नाही. पण ती त्याने आधीच बाद केली होती, कारण माझी सही होती. अठ्ठेचाळीस तासांत स्पर्श झालेला नाही. सयाजीरावांना मी अडकवलं होतं, तेही निळ्या शाईने आणि वळणदार अक्षरात.

मी सांगितलं तर प्रमाणपत्र जाणार, यात शंका नव्हती. एका गाडीचं नाही, अकरा वर्षांचं काम खोटं ठरणार. आणि शलाकाचं नाव अहवालाखाली होतं. मी तीन दिवस गप्प बसले. मला त्याची आजही लाज वाटते.

रविवारी शलाका घरी आली. मी तिला आवडतो तसा झणझणीत कट करून मिसळ वाढली. निम्मी खाऊन झाल्यावर मी सांगायला सुरुवात केली. तिने चमचा खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही.

"तू लिहून दिलं होतंस आई," ती म्हणाली. "मी त्या ओळीवर विश्वास ठेवते. रोज ठेवते. दुसऱ्या कुणाच्या फॉर्मवर मी दोनदा बघते, तुझ्या नाही. तुझं नाव आलं की मी पुढं जाते."

"पूजेचा हात होता गं."

"किती गाड्या?"

मी आकडा सांगितला. ती उठून खिडकीपाशी गेली. चिडली की तिची पुण्याची भाषा गळून पडते. "हजार गाड्या. आणि मी तिकडं सगळ्यांना सांगतो, माझ्या आईसारखा कागद महाराष्ट्रात कोण लावत न्हाई म्हणून."

ते मला लागलं. लागायलाच हवं होतं. मी भांडी आवरायला घेतली, तेवढंच हाताला काहीतरी.

थोड्या वेळाने ती शांत झाली आणि शास्त्रज्ञासारखी बोलू लागली. "एक करता येईल. मी फेरवाचन मागते. ठसा अस्पष्ट आहे, बोट नीट लागलेलं नाही, असं लिहिते. वकील संशयाचा फायदा मागेल. सयाजीकाका सुटतील. तुला काही बोलायची गरज नाही."

मोह झाला. खोटं कशाला बोलू, खूप झाला. चांगली मुलगी होती, आईला वाचवायला निघाली होती. पण तिला मी कधी एक आकडा इकडचा तिकडे करताना पाहिलं नव्हतं, आणि आता ती माझ्यासाठी तो करणार होती.

"संशयाचा फायदा घेऊन माणूस गावात कसा फिरणार?" मी म्हणाले. "ज्ञानूकाकांचा पोरगा दारातनंच परत पाठवेल त्यांना, मरेपर्यंत. आणि तू काय लिहिणार? मला स्वच्छ दिसतंय ते दिसत नाही म्हणून? एका घरात एक खोटी सही पुरे झाली."

तिने बॅग उचलली. जाताना पाया पडायची तिची सवय आहे, त्या दिवशी विसरली. की विसरली नाही, मला माहीत नाही.

सुनावणीच्या दिवशी मी सयाजीरावांच्या बाजूने साक्ष द्यायला इस्त्रीचं नऊवारी नेसून गेले. मी एरवी सलवार-कमीजवाली, पण त्या दिवशी वाटलं, जे काय व्हायचं ते व्यवस्थित व्हावं. न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या होत्या. मी सगळं सांगितलं. पूजा, हात, तोल, सही. मधे कुणी हसलंसुद्धा. सरकारी वकील उठले.

"म्हणजे आपण अकरा वर्षं खोटं प्रतिज्ञापत्र देत होता?"

"होय."

"मग आज खरं बोलताय, हे कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. मी त्यांच्या जागी असते तर तोच विचारला असता. म्हणूनच मी उत्तर घरून तयार करून नेलं होतं.

"माझ्यावर विश्वास ठेवूच नका," मी म्हणाले. "गाडी बाहेर उभी आहे. बाईसाहेब, आपण त्या ठशाशेजारी स्वतःचा हात दाबा. गाडी एक दिवस उघड्यावर ठेवा, पहारा लावून. उद्या दुपारी दोन्ही हात बघू. तो ठसा अपघाताचा असेल तर त्यात ताण आहे. शेडच्या सावलीत तो गप्प बसला असेल, पण उन्हात त्याला वळं काढावंच लागेल. आपल्या हाताला एक येईल, त्यालाही एक येईल. आणि कच्च्यात पडलेला असेल, तर आपल्या हाताला येईल, त्याला येणार नाही. यात माझ्या बोलण्याचा काही संबंध नाही. फक्त ऊन लागेल, आणि वैशाखात ते कोल्हापुरात भरपूर आहे."

न्यायाधीशबाईंनी कंपनीच्या तज्ज्ञाकडे पाहिलं. तज्ज्ञ म्हणून शलाकाच आली होती, आणि ती माझ्याकडे न बघता कागदांत बघत होती. "शास्त्राला धरून आहे," ती म्हणाली. "चाचणी घेता येईल."

आवारात सगळे जमले. न्यायाधीशबाईंनी बांगडी मागे सारली आणि बॉनेटवर हात दाबला. गाडी तापलेली, त्यांनी चटकन ओढून घेतला. "पुन्हा दाबते," असं स्वतःशीच म्हणून पुन्हा नीट दाबला. तेव्हापासून ती बाई मला आवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीवर काळी ताडपत्री टाकली, म्हणजे आत अंधार होईल. मी माझा दिवा आणि ध्रुवित काचा घेऊन गेले होते, पण शलाकाने हात पुढे केला. "मी बघते. तुम्ही बाजूला थांबा." आपल्या आईला अहो-जाहो करणारी मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली. तिथे ती बरोबर होती.

ती ताडपत्रीखाली गेली. तिच्यामागे न्यायाधीशबाई, दोन्हीकडचे वकील. चार माणसांचे पाय तेवढे दिसत होते. सयाजीराव माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी म्हणेन की मला शंका नव्हती. शास्त्राबद्दल नव्हतीच. पण त्या पायांवरून मी नजर हलवली नाही.

"पहिला ठसा, काल दाबलेला," आतून शलाकाचा आवाज आला. "एक वळं, स्पष्ट. दुसरा ठसा, वादातला. वळी शून्य. कालही शून्य, आजही शून्य. हा थर कच्चा असताना पडलेला हात आहे." मग थोडं थांबून, "अनामिका अर्धवट टेकलेली नाही. बोटाचा शेवट गोल आणि पूर्ण उमटलाय. बोटच आखूड आहे. ज्ञानू माळी यांचा हा हात नाही."

बाहेर आल्यावर वकिलांनी विचारलं, "म्हणजे तुमचं मूळ वाचन चुकलं होतं?"

शलाका ताठ उभी राहिली. "आमचं वाचन बरोबर होतं. आम्हाला दिलेली माहिती खोटी होती."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला दुःख झालं, अगदी आतून झालं. आणि त्याच वेळी वाटलं, हीच माझी मुलगी. सांगायला विचित्र वाटतं, पण दोन्ही एकदम वाटलं.

सयाजीराव निर्दोष सुटले. संशयाचा फायदा नाही, निर्दोष. त्यानंतर पोलिसांनी पुन्हा सगळे कॅमेरे धुंडाळले आणि महिन्याभराने खरी गाडी सापडली. तिला तनुत्र नव्हतंच. ज्यांना कागद आहे त्यांच्याकडेच सगळे बघत बसले होते. ज्ञानूकाकांचा मुलगा स्वतः गुऱ्हाळावर गेला आणि काकवीची कळशी घेऊन परतला, एवढं माझ्या कानावर आलं.

माझं प्रमाणपत्र गेलं. कंपनीचा माणूस आला आणि भिंतीवरून उतरवून घेऊन गेला. तिथे चौकोनी पांढरा डाग राहिला. मी त्यावर काही लावलं नाही. आता मी फ्रीजचे दरवाजे, दुकानांच्या काचा, मोटरसायकलच्या टाक्या, असा साधा कागद लावते. काम कमी झालं, पण हात तेच आहेत. लावलेला कागद बघायला अजूनही माणसं थांबतात.

कंपनीने माझ्या जुन्या गिऱ्हाइकांना पत्रं पाठवली. पूजेचे हात लागलेल्या बॉनेटांचे कागद फुकट बदलून मिळतील, गाडी घेऊन या. एके दिवशी सयाजीराव ते पत्र घेऊन माझ्याकडे आले.

"ताई, बदललं तर ते काढून टाकणार?"

"हो. नवा कागद."

"आणि आईचा हात?"

मी शटर ओढून अंधार केला, दिवा धरला आणि त्यांच्या हातात काच दिली. त्यांनी अहवालातला करडा फोटो पाहिला होता, हे पाहिलं नव्हतं. बॉनेटवर हौसाक्कांचा पंजा हिरव्या-जांभळ्या रंगांत उजळला होता. साडेचार बोटं, तळव्याच्या रेषा, घसरताना उमटलेली मनगटाची बांगडीसुद्धा. शेजारी न्यायाधीशबाईंचा हात, भोवती वळ्यांची गर्दी झालेला. आक्कांच्या हाताभोवती एकही नाही. सयाजीराव खाली वाकून रडले. मला बाहेर जायला हवं होतं, पण दिवा माझ्या हातात होता, म्हणून मी तशीच उभी राहिले. पत्र ते दुकानातच विसरून गेले. कागद बदलायला बाराशेपैकी एकोणीस गाड्या आल्या, असं मला नंतर शलाकाने सांगितलं.

म्हणजे ती बोलत होती. फोनवर, कामापुरतं. गाड्या किती आल्या, जेवलीस का, ठेवते.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी दुकानासमोर एक कोरी गाडी थांबली. गडद निळी. आतून शलाका उतरली. तिने डिकीतून तनुत्रचा गुंडाळा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"मला प्रमाणपत्र नाही," मी म्हणाले. "मी लावला तर पूर्ण विमा मिळणार नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. साधा विमा घेईन." तिने ओढणी कमरेला खोचली. "पुण्यात तीन ठिकाणी बघितलं आई. सगळ्यांच्या कडा उचललेल्या असतात. पाणी कुठं आहे?"

दुपारपर्यंत आम्ही दोघींनी तो कागद लावला. मी ताणला, तिने पाणी रेटलं. ती पुस्तकातलं बरंच शिकली होती, पण वळणावर पट्टी अजून घाईने फिरवत होती. मी दोनदा ओरडले आणि तिने दोनदा ऐकलं. शेवटची कड आत दुमडली तेव्हा माझ्या बोटांना कळलं की बसला.

मग तिने पर्समधून फॉर्म काढला. तोच फॉर्म, तीच ओळ. पेन काढून तिने ती ओळ खोडली, सरळ एका रेघेत, आणि वर लिहिलं: उजवा हात, बॉनेटच्या मधोमध, आईचा.

"हे कुठं पाठवणार आहेस?"

"माझ्या विभागात. साहेबांना दाखवायचंय. लोक हात लावणारच आहेत, तर कुणाचा लागला ते विचारा, म्हणून सांगणार आहे. यंत्राला शिकवता येतं. त्यासाठी एक खरं लिहिलेला फॉर्म तर हवा." तिने कुंकवाची वाटी पुढे केली. घरून आणली होती. "चल, हात दे. थर कच्चा आहे तोवर."

मी हात धुतले, पुसले. उजवा हात कुंकवात बुडवला आणि बॉनेटवर टेकला. नीट, पाचही बोटं, तळवा पूर्ण. काढायची घाई केली नाही. माझा हात निघाल्यावर शलाकाने ओल्या कापडाने कुंकू टिपलं, आणि मग खाली वाकून माझ्या पायांना हात लावला.

संध्याकाळी शेजारचा गॅरेजवाला नवी गाडी बघायला आला आणि बॉनेटवर थाप मारायला त्याने हात उचलला. आम्ही दोघी एकदमच त्याच्यावर ओरडलो, की परवापर्यंत या गाडीला बोट लावायचं नाही.